दोन बोटांची जागा

गतिरोधक आला तेव्हा मागे बसलेल्या आप्पांनी दारावरची कडी धरली आणि सीटवरून स्वतःला जरासं उचललं. मी ते आरशात पाहिलं. बोलले काहीच नाहीत. गाडीचा वेग आधीच इतका कमी होता की शेजारून चालणारा माणूस आमच्या पुढे गेला असता. पुढची चाकं चढली, उतरली. मग मागची चढली, उतरली, आणि उतरताना डाव्या बाजूने तो आवाज आला. खर्र. जेमतेम अर्धा सेकंद. पत्र्याच्या कडेवर रबर घासल्याचा, दात शिवशिवतील असा आवाज. गाडी पुढे सरकली, आप्पा पुन्हा टेकले, कडी सोडून त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि ते खिडकीबाहेर बघू लागले. पुढच्या गतिरोधकाला पुन्हा तेच. हात वर, कडी, अंग उचललेलं. घरी पोचेपर्यंत मी अकरा गतिरोधक मोजले आणि अकराही वेळा आरशात पाहिलं.

कडी धरून अंग उचललं तरी माणसाचं वजन गाडीवरच राहतं. सीटवरचा भार छतावर गेला एवढंच. स्प्रिंगला त्याने काही फरक पडत नाही. आप्पांनी उभी हयात लेथवर काढली आहे, त्यांना हे मी सांगायची गरज नव्हती. तरीही ते उचलत होते. आपलं वजन माझ्या गाडीला जड होऊ नये म्हणून एक म्हातारा माणूस स्वतःला हलकं करू बघतोय, असा त्याचा अर्थ मी लावला, आणि तो अर्थ रात्री झोपेतही डोक्यातून जाईना.

गाडीची उंची कमी करून ती मीच खाली घेतली होती. कोणी सांगितलं नव्हतं, गरज नव्हती. मूळ गाडीत मागच्या टायरचा माथा आणि मडगार्डची कड यांच्यामध्ये माझी मूठ जायची. रोज गाडी लावून निघताना मागे वळून बघायचो आणि माझी नजर नेमकी त्या फटीवर जाऊन अडकायची. छताची रेघ सुंदर होती, खिडक्यांचा उतार सुंदर होता, आणि खाली ती काळी पोकळी. पाय वर ओढून घेतल्यासारखी गाडी उभी. ज्याला ही फट दिसत नाही त्याला ती कधीच दिसत नाही, आणि ज्याला एकदा दिसली त्याला गाडीचं दुसरं काही दिसेनासं होतं. मी दुसऱ्या प्रकारातला. चित्राची चौकट तिरकी लागलेली असली तर समोरच्या माणसाचं बोलणं ज्याच्या कानात शिरत नाही, त्याला माझं दुखणं कळेल.

ही ओढ जुनी आहे आणि जगभरची आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांमधली तरुण मुलं जुन्या गाड्यांच्या डिकीत वाळूची पोती भरून त्या जमिनीलगत आणत. पुढे पुढे स्प्रिंगचे वेढेच कापू लागली. १९५८ पासून तिथे कायदा आला की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली असता कामा नये. त्यावर रॉन अगिरे नावाच्या तरुणाने आपल्या कॉर्व्हेट गाडीला विमानातले हायड्रॉलिक पंप बसवले. उभी असताना खाली, चालवताना वर. मला या गोष्टीतला तो पंप फार आवडतो. गाडी उभी असताना कशी दिसावी आणि चालताना तिला किती जागा लागते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला तेव्हाच उमगलेलं होतं. मला ते कळायला दोन बोटांची फट आणि आप्पांचा हात लागला.

मी कॉइलओव्हर बसवले, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारे शॉक आणि स्प्रिंग. गाडी चारही कोपऱ्यांत ४० मिलिमीटर खाली आणली. त्याच्या जोडीने चाकंही बदलली. मूळ १९५/६५ आर १५ चे टायर होते, त्यांच्या जागी २२५/४५ आर १७ आले. यातला पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटचा रिमचा व्यास इंचांत. हिशेब मी नीट केला होता. जुन्या टायरचा व्यास ६३४ मिलिमीटरच्या आसपास, नव्याचाही तेवढाच, म्हणजे स्पीडोमीटर चुकणार नाही. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर आधी ३९५ होतं, आता ३५५ झालं. मुठीची जागा दोन बोटांवर आली. त्या संध्याकाळी मी गाडीभोवती किती फेऱ्या मारल्या ते आठवत नाही. पावसाळ्यापूर्वीचा पिवळसर उजेड होता, टायरचा माथा मडगार्डच्या कमानीखाली अलगद शिरला होता, आणि गाडी प्रथमच जमिनीवर टेकल्यासारखी, आपल्या जागी बसल्यासारखी दिसत होती. तो आनंद खरा होता. पुढे जे झालं त्यामुळे मी तो खोटा ठरवणार नाही.

व्यास जुळला, रुंदीकडे मात्र मी पुरेसं पाहिलं नाही.

नवा टायर जुन्यापेक्षा ३० मिलिमीटरने रुंद, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना १५-१५ जास्त. त्यात रिमचा ऑफसेट. रिमच्या रुंदीचा मध्य आणि जिथे ते हबवर, म्हणजे चाक बसतं त्या फिरत्या भागावर, टेकतं ती पाठ, यांच्यातलं हे अंतर मिलिमीटरमध्ये रिमवरच कोरलेलं असतं. आकडा मोठा तर चाक आत, लहान तर चाक बाहेर. माझ्या जुन्या रिमवर ४५ होतं, नव्यावर ३५. म्हणजे चाक आणखी १० बाहेर. बेरीज केली तर टायरची बाहेरची भिंत २५ मिलिमीटर बाहेर आली होती आणि आतली ५ मिलिमीटर आत गेली होती. कागदावर २५ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. मडगार्डची कड आत दुमडलेली असते ती साधारण बोटाच्या पेरापेक्षाही कमी रुंद, आणि टायरला वर जायचं असतं ते नेमकं तिच्या शेजारून. तिथे २५ मिलिमीटर म्हणजे सगळं काही.

पहिले काही दिवस आवाज फक्त वळताना यायचा. स्टिअरिंग पूर्ण फिरवून गाडी मागे घेतली की पुढून सुर्रर. हा प्लास्टिकचा आवाज, मऊ, कुणीतरी जाड कागद ओढत नेल्यासारखा. तो मी सहन केला. मग एकदा बहीण आणि तिची मुलं मागे बसली आणि मागचा तो दुसरा आवाज प्रथम ऐकला. त्यानंतर मी नकळत माणसं मोजू लागलो. दोघं असले तर ठीक. तिघं असले तर खड्ड्यांचा रस्ता टाळायचा. चौघं असले तर काहीतरी सबब. माणसांच्या वजनाचा अंदाज घेत त्यांना कुठे बसवायचं ते ठरवायचो आणि तसं ठरवताना आपल्या मनात काय चाललंय ते कुणाला कळू नये म्हणून उगाच बोलत राहायचो. आप्पांना कळलं असावं. एक-दोनदा सगळे निघताना ते म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, मी येतो मागाहून."

त्या अकरा गतिरोधकांनंतर मात्र मी ठरवलं की आता शोधायचं. आवाजाला आवाज म्हणून सोडून द्यायचं नाही, तो कुठल्या बिंदूवर होतो ते बघायचं. टायर घासतो तेव्हा तो पुरावा मागे ठेवतो, आणि हे मला पुढे फार आवडू लागलं. पुढच्या चाकाच्या आतलं काळं प्लास्टिक सगळीकडे धुळकट होतं, फक्त एका तळहाताएवढ्या भागावर ते आरशासारखं चकाकत होतं. मागच्या डाव्या मडगार्डच्या कडेखाली बोट फिरवलं तर बोटाला रबराचा बारीक भुगा लागला, आणि टायरच्या खांद्यावर एक गोल, मखमली रेघ उमटली होती. टायरला खडूने आडव्या रेघा मारल्या, कडेला आतून कागदी टेप लावली, बहिणीच्या मुलांची खेळायची माती मागून आणून प्लास्टिकवर तिच्या गोळ्या चिकटवल्या आणि गाडी फिरवून आणली. जिथे खडू पुसला गेला, टेप फाटली, माती चेपली, तिथे घासतं. चेपलेल्या मातीची जाडी मोजली की किती जागा कमी पडते तेही कळतं. एका कोपऱ्यात गोळी पार सपाट झाली होती, दुसरीकडे ३ मिलिमीटर उरली होती, आणि उजव्या मागच्या बाजूला माती जशीच्या तशी. एकाच गाडीच्या दोन बाजू सारख्या नसतात. पत्रा दाबताना, जोडताना थोडा फरक पडतोच.

मग मागची स्प्रिंग काढून, गाडी भक्कम स्टँडवर टेकवून, रिकाम्या चाकाखाली जॅक लावला आणि चाक हळूहळू वर नेत गेलो. रस्त्यावर एका क्षणात होणारी गोष्ट अशी सावकाश बघायला मिळाली. टायर वर चढत गेला, मडगार्डच्या कडेपाशी आला, तिला टेकला, आणि तरी शॉकच्या दांड्यावरचा बंप स्टॉप, म्हणजे तो रबरी ठोकळा, अजून दाबला जायचा बाकीच होता. मी जॅक तिथेच थांबवून जमिनीवर बसून राहिलो. मला वाटत होतं गाडी खाली घेतल्यामुळे घासतंय. तसं ते नव्हतं. धक्का बसल्यावर चाक जास्तीत जास्त कुठवर वर जाईल हे स्प्रिंग ठरवत नाही, तो ठोकळा ठरवतो. गाडी बनवणाऱ्यांनी चाक त्या टोकापर्यंत वर नेऊन, पुढचं असेल तर वर नेऊन दोन्हीकडे पूर्ण वळवून, कुठेही काही लागत नाही हे पाहिलेलं असतं. कित्येक गाड्यांत बर्फातल्या साखळ्या चढवल्या तरी पुरेल एवढी जागा सोडलेली असते. नुसती स्प्रिंग बदलली असती तर चाक त्याच टोकाला, फक्त जास्त वेळा गेलं असतं. पण माझ्या नव्या शॉकमधला ठोकळा मूळच्यापेक्षा आखूड होता, त्यामुळे ते टोकच वर सरकलं होतं, आणि त्या वाटेवरून आता २५ मिलिमीटर बाहेर आलेला टायर जात होता.

ती मुठीएवढी फट रिकामी नव्हतीच.

मी इतकी वर्षं तिच्याकडे गाडी उभी असताना पाहत होतो. तिथे दर खड्ड्याला चाक येऊन जात होतं, दर वळणाला झुकून येत होतं, मागे चार माणसं बसली की निम्मं येऊन राहत होतं. ती जागा वापरातली होती, फक्त मी बघायला उभा असायचो तेव्हा तिथे कोणी नसायचं. घरातल्या एखाद्या खोलीत आपण नेमकं दुपारी डोकवावं आणि इथे कोणी राहत नाही असं ठरवून तिची भिंत पुढे घ्यावी, तसं मी केलं होतं.

पुढचं काम सोपं निघालं. आतल्या प्लास्टिकला हीट गनने ऊब दिली आणि ते मऊ झाल्यावर जाड हातमोजा घालून आत दाबून धरलं. गार झाल्यावर त्याने नवा आकार धरला. पुढचा बंपर आणि मडगार्ड जिथे जुळतात तिथला एक स्क्रू टायरच्या वाटेत डोकं काढून होता, तो चपट्या डोक्याचा बसवला. उरलेली जागा कॅम्बरमधून, म्हणजे चाकाचा माथा आत कलवून, मिळाली. पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहेत, म्हणजे शॉकच चाकाला उभं धरून ठेवणारा खांब असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने १९४०च्या दशकात शोधलेली ही रचना आज बहुतेक छोट्या गाड्यांत असते. शॉक जिथे हबला दोन बोल्टांनी बांधलेला असतो, तिथला एक बोल्ट काढून मध्यापासून सरकलेल्या दांड्याचा, म्हणजे एक्सेंट्रिक, बोल्ट घातला की चाक थोडं कलवता येतं. ६३४ मिलिमीटर व्यासाच्या चाकाचा माथा १ अंश कलल्यावर साधारण साडेपाच मिलिमीटर आत येतो. मी एक अंश घेतला, त्याहून जास्त घ्यायचा मोह आवरला. कॅम्बर वाढवत गेलं की टायर आतल्या कडेवर झिजू लागतो, आणि त्याच्यासोबत बिघडलेला टो, म्हणजे चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असणं, नीट केला नाही तर ती झीज झपाट्याने होते. उंची बदलली की टो बदलतोच, म्हणून अलाइनमेंट करून घेतलं आणि गाडीबरोबर खाली आलेले दिवेही पुन्हा नीट लावून घेतले.

मागे असं काही करता येत नव्हतं. मागे टॉर्शन बीम, दोन्ही चाकांना जोडणारी एकच तुळई. तिथे कॅम्बर फिरवायला बोल्टच नाही. उरला तो पत्रा. मडगार्डची आत वळलेली कड वर चेपून सपाट करायची, म्हणजे टायरला वाट मोकळी. त्यासाठी एक रोलर मिळतो. चाक काढून तो हबवर बोल्टांनी बसवायचा, त्याच्या दांड्याच्या टोकाला नायलॉनचं चाक असतं, ते कडेला लावून झोक्यासारखं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहायचं, आणि दर चार-सहा फेऱ्यांनी दाब थोडा वाढवायचा. घाई केली तर रंग तडकतो, त्याहून घाई केली तर मडगार्डचा बाहेरचा फुगवटाच लाटा घेतो. रंग सैल पडावा म्हणून हीट गनने कड ६० अंशांच्या आसपास तापती ठेवायची. हात टेकवता येणार नाही एवढी गरम, रंगाला फोड येणार नाहीत एवढी गार. हे एका माणसाचं काम नाही. एकाने रोलर फिरवायचा, दुसऱ्याने हीट गन त्याच्या पुढे पुढे न्यायची.

आप्पा स्वतःहूनच आले. मी बोलावलं नव्हतं. हीट गन हातात घेतली, तिचं तोंड पत्र्यापासून किती लांब धरायचं ते एकदा विचारलं आणि मग पाऊण तास त्यांचा हात तसूभर हलला नाही. मी रोलर फिरवत होतो. रंगाचा तापल्याचा गोडसर, नाकात बसणारा वास, रबरी सांधा मऊ पडल्याचा दुसरा वास, आणि रोलरचा घुमणारा खर्ज. मध्येच ते म्हणाले, "थांब. आवाज बदलला." मला काही ऐकू आलं नव्हतं. पण थांबून बघितलं तर एका ठिकाणी कडेच्या आतून सांधा वर उचलला गेला होता. आणखी दोन फेऱ्या मारल्या असत्या तर बाहेरून रंग फुटला असता. मागच्या मडगार्डच्या कडेत आतला आणि बाहेरचा असे दोन पत्रे एकमेकांना डाग देऊन जोडलेले असतात, आणि त्यांच्यामध्ये पाणी जाऊ नये म्हणून सीलंट भरलेलं असतं. कड चेपली की हे सीलंट फाटतं. वरून सगळं गुळगुळीत दिसतं आणि दोन पावसाळ्यांनी आतून गंज फुगून बाहेर येतो. म्हणून कड गार झाल्यावर आम्ही जुनं सीलंट खरवडलं, नवीन भरलं, त्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि आतल्या पोकळीत मेण फवारलं. आप्पांनी शेवटी कडेवरून अंगठा फिरवला. लेथवरच्या कामाची धार बघताना ते असाच अंगठा फिरवत, नखाची बाजू आधी, मग मांसल बाजू. डाव्या मडगार्डवर केसाएवढी एक चीर उरली आहे. दुसऱ्या कुणाला ती दाखवूनही दिसत नाही. ती बघितली की मला वाईट वाटतं, कारण कारखान्यात कुणीतरी ती कड नीट वळवली होती, आणि बरंही वाटतं, कारण तिच्यापाशी आमचे चार हात लागलेले आहेत.

त्यानंतर चाचणी. यावेळी माणसांना त्रास द्यायचा नाही असं मी ठरवलं होतं. मागच्या सीटवर वाळूची पोती ठेवली, एकेक साठ-पासष्ट किलोचं, पट्टे बांधून. आवाज जवळजवळ गेला होता, पण पूर्ण नाही. तिरकस चढ घेतला, एक चाक वर आणि समोरचं खाली अशी गाडी पिळली गेली, की डावीकडे पुसटसं काही तरी टेकायचं. मग मी शेवटचा उपाय केला. शॉकच्या दांड्यावर, बंप स्टॉपच्या आधी बसतात असे १० मिलिमीटर जाडीचे पॅकर, म्हणजे चकत्या, घातले. आखूड ठोकळ्यामुळे चाक जेवढं जास्त वर जात होतं तेवढं आता जाणार नव्हतं. टायर कडेपर्यंत पोचायच्या आत ठोकळा त्याला अडवणार. पुन्हा पोती, पुन्हा तिरका चढ, पुन्हा गतिरोधक. शांत. खडूच्या रेघा जशाच्या तशा. गाडी थांबवून मी मागच्या चाकापाशी उकिडवा बसलो आणि दोन बोटं फटीत घालून बघितली. काम झालं होतं.

पुढच्या रविवारी सगळ्यांना घेऊन निघालो. आप्पा मागे डावीकडे, मुद्दाम. पहिला गतिरोधक आला. मी नेहमीच्या वेगाने घेतला, मुद्दाम. पुढची चाकं, मागची चाकं. आवाज नाही. आरशात पाहिलं. आप्पांचा हात कडीवर होता आणि ते सीटवरून उचललेले होते.

सवय असेल, मी म्हटलं मनात. दुसरा गेला, तिसरा गेला. हात वर, कडी, अंग उचललेलं.

"आप्पा, आता घासत नाही."

"हो, माहीत आहे. छान झालंय काम."

"मग कडी कशाला धरता?"

त्यांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. हा प्रश्न कधीतरी येणार हे त्यांना ठाऊक असावं. "कंबरेत बसतं रे," ते म्हणाले. "उचललं की बरं पडतं. आधीही बसायचं, आता जरा जास्त बसतं. तू चालव."

मी चालवत राहिलो. आवाज माझा होता. मला ऐकू येत होता म्हणून मी तो शोधला, मोजला, मिटवला. त्या सगळ्या काळात मागे बसलेला माणूस वेगळ्याच गोष्टीपासून स्वतःला वाचवत होता, आणि मी त्याला आवाजाच्या हिशेबात धरत होतो. मूळ गाडीत खड्डा गिळायला चाकाला जेवढी वाट होती ती मी ४० मिलिमीटरने कमी केली होती. वाट कमी म्हणून स्प्रिंग कडक. आखूड ठोकळ्याने त्यातली जी थोडी परत दिली होती, तीही पॅकर घालून १० मिलिमीटरने कमी. धक्का टायरने पत्र्यावर द्यायचा तो आता ठोकळा शॉकला देत होता, शॉक पत्र्याला, पत्रा सीटला, आणि सीट आप्पांच्या मणक्याला. पोत्यांना मणका नसतो.

घरी आल्यावर शॉकच्या चकचकीत दांड्यावर प्लास्टिकची बारीक पट्टी आवळून बांधली. दांडा आत जाताना ती सरकते आणि गाडी जास्तीत जास्त किती दबली ते सांगत तिथेच थांबते. दुसऱ्या दिवशी आप्पांना घेऊन नेहमीच्याच रस्त्याने जाऊन आलो. पट्टी पॅकरच्या बुडाशी जाऊन चपटी झाली होती. मग गाडी सपाट जागी लावून त्यांना मागे बसायला सांगितलं आणि खाली वाकून मोजलं. ते बसल्यावर ठोकळा टेकायला फक्त १४ मिलिमीटर उरत होते. एवढ्यात कुठला गतिरोधक मावणार?

पॅकर काढता येत नव्हते, ते काढले की टायर पुन्हा कडेला टेकणार. जागा मिळवायचा एकच मार्ग होता, आणि तो मला पहिल्या दिवसापासून माहीत होता. मागची चाकं काढली, स्प्रिंगखालच्या कॉलरचं लॉक सैल केलं आणि हुकसारख्या तोंडाच्या पान्याने ती फिरवायला घेतली. आप्पा खुर्ची ओढून शेजारी बसले होते. धूळ बसून आटे घट्ट झाले होते. त्यांनी ब्रश मागून घेतला आणि एकेक आटा स्वच्छ करून दिला.

"पिच किती?"

"दोन मिलिमीटर."

"आणि वर किती घ्यायचंय?"

"वीस. पण स्प्रिंग चाकाच्या जरा पुढे बसते, म्हणजे इथे अठरा केले की चाकापाशी वीस होतील."

"मग नऊ फेरे," ते म्हणाले, आणि मोजू लागले.

पुढच्या बाजूलाही तेवढंच वर घेतलं. चाकं चढवली, गाडी खाली सोडली, स्प्रिंग आपल्या जागी बसावी म्हणून थोडी पुढे-मागे ढकलली. चाकाच्या मध्यापासून कडेपर्यंत ३७५. मी चार पावलं मागे जाऊन बघितलं. फट परत आली होती, मुठीएवढी नाही, पण दिसण्याइतकी. संध्याकाळ होती, उजेडही जवळजवळ तसाच होता. गाडी पुन्हा जराशी पायांवर उभी राहिलेली. मला ते आवडलं असं मी म्हणणार नाही. मी बराच वेळ बघत राहिलो.

"बसू का मागे?" आप्पांनी विचारलं.

"बसा."

दार उघडलं, बंद झालं. गाडी डाव्या अंगाला हलकेच दबली. मी टेप घेऊन चाकापाशी बसलो आणि आकडा वाचला. नीट दिसेना म्हणून टॉर्च लावून पुन्हा वाचला. ३६६.

"झालं का? उतरू?"

"नाही," मी म्हटलं. "बसा अजून थोडं."